गोचिडाचं औषध

त्या वर्षी झाशीत पाऊस लांबला आणि भाद्रपदात आमच्या घरात पिसवा झाल्या. आमच्या म्हणजे साहेबांच्या. मी तिथे स्वयंपाक करते, घर बघते आणि मागच्या खोलीत राहते. पण इतक्या वर्षांत 'आमचं घर' असं तोंडात बसलंय, आणि ताईंनी कधी त्याला हरकत घेतली नाही.

ताई म्हणजे साहेबांची बायको. त्यांचं माहेर माण तालुक्यात, आमच्या गावापासून दोन कोसांवर. माझं सासर सुटलं आणि मी भावाकडे येऊन पडले, त्या उन्हाळ्यात ताई माहेरी आल्या होत्या. त्यांनी माझ्या आईला विचारलं, "हिला माझ्याबरोबर पाठवता का? लांब आहे हं, आगगाडीत रात्र काढावी लागते." आई विचार करत होती तोवर मीच हो म्हणाले. भावजयीनं त्या दिवशी पहिल्यांदा मला दुसरा कप चहा दिला. साहेब सरकारी खात्यात इंजिनियर, ताई बँकेत, आणि एक मुलगी, पिसवांच्या त्या वर्षी आठ वर्षांची. या तिघांनी मला जेवायला बरोबर बसवलं, दवाखान्यात नेलं, माझ्या आजारपणात ताईंनी माझी भांडी घासली. हे मी विसरत नाही. आणि हे विसरत नाही म्हणूनच मला सतत धास्ती असते, की हातून काही चुकेल आणि एक दिवस हे लोक मला आगगाडीत बसवून देतील.

मांजर मुलीचं होतं. जिन्याखाली भिजत बसलेलं पिल्लू तिनं घरात आणलं, त्याला नाव ठेवलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, लिहवत नाही. रंगानं भुरी, पोटाला पांढरी, एक कान दुमडलेला. दिवसभर घरात मी आणि ती दोघीच. मी पोळ्या लाटायला बसले की ती माझ्या मांडीला टेकून बसायची. मुलीचं मांजर खरं, पण सोबत माझी.

सुरुवात मुलीच्या घोट्यांपासून झाली. लाल ठिपके, तीन-तीन एका ओळीत. आधी आम्हाला डास वाटले. मग खाजवून खाजवून तिच्या एका पायाला जखम झाली, पू धरला. एका दुपारी मी पांढरी चादर काढत होते तर एक काळा कण टुणकन उडाला. मी मांजराला धरलं, मानेवरचे केस मागे सारले. कातडीवर मिरपूड सांडल्यासारखं दिसलं. ती पूड ओल्या फडक्यावर घेतली तर तिचं तांबडं पाणी झालं. पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच रक्त.

"दिवसभर घरात माणूस असून पिसवा होतात, कमाल आहे," साहेब म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, मोबाइलकडे बघून. ते बोलून मोकळे झाले. मला मात्र वाढता वाढता आगगाडी दिसली.

त्याच जेवणात त्यांनी ठरवूनही टाकलं. शनिवारी त्यांना एरचला कामाच्या पाहणीला जायचं होतं. तिथे बेतवेच्या काठाला कोळ्यांची वस्ती आहे, मासे असतात, मांजर पिशवीत घालून नेतो आणि तिकडे सोडतो, असं म्हणाले.

"पापा, वो मर जाएगी वहां!" मुलगी ओरडली.

"मांजरं अशी मरत नसतात."

"आई, तू बोल ना!"

ताई मुलीच्या पायावरच्या पट्टीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "शनिवारपर्यंत गेल्या पिसवा तर राहू दे. नाही गेल्या तर बाबा म्हणतात तसं."

मुलगी ताटावरून उठली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभी राहिली. ती आईबापाशी मराठी-हिंदी दोन्ही बोलते, शाळेत सगळं हिंदीच, आणि माझ्याशी जे आधी तोंडात येईल ते.

"मावशी, तू तो गांव में बकरियां संभालती थी ना? उनको भी कीड़े होते होंगे. तुला येतं ना काढायला?"

"येतं की."

"पक्का?"

"पक्का. शनिवारच्या आत एक पिसू दिसणार नाही बघ."

सातवीनंतर माझी शाळा सुटली ती शेळ्यांमागे गेले म्हणून. कोणी मला 'तुला येतं ना' असं विचारावं, अशा गोष्टी थोड्याच. म्हणून मी एवढ्या जोरात हो म्हणाले असेन. शेळ्यांना गोचीड होतात, ते मला काढता येत होते. पिसवांचं मला काहीच माहीत नव्हतं.

चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. उवांच्या बारीक फणीनं मांजर विंचरायचं, फणीत आलेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवायची. नखानं चिरडायला गेलं तर निसटते, पाण्यात मात्र मरते. चादरी, उशांचे अभ्रे, पायपुसणी, सगळं उकळत्या पाण्यात. गादीला ऊन दाखवायचं तर ऊन नव्हतंच. पंख्याखाली वाळत घातलेल्या कपड्यांचा कुबट वास घरभर. एकदा मांजराला टबात धरून आंघोळ घातली, तर माझे दोन्ही हात कोपरापर्यंत फाडले तिनं.

वरच्या मजल्यावर घरमालकीण राहतात. इथल्या जुन्या मराठी कुटुंबातल्या, पिढ्यान् पिढ्या झाशीतच. त्या गॅलरीतून वाकून बघत होत्या.

"अगं, एवढं तर कोणी जावयाला न्हाऊ घालत नाही!"

"पिसवा झाल्यात हो तिला."

"मग कडुनिंबाचा पाला उकळ. फरशी त्यानंच पूस, और बिल्ली को भी वही लगा दे. आमच्या सासूबाई तर खाटेखाली पाला अंथरायच्या."

मी तेही केलं. घरभर कडू वास झाला. गुरुवारी सकाळी फणी फिरवली तर पुन्हा तितक्याच निघाल्या. मला रडू आलं. मुलगी शाळेत जाताना दारातून म्हणाली, "कम हुए ना मावशी?" मी म्हणाले, "खूप."

सदर बाजारच्या आमच्या गल्लीच्या तोंडालाच जनावरांच्या डॉक्टरची पाटी आहे. भाजी आणायला जाताना मी रोज त्या पाटीखालून जात होते. तिकडे का नाही गेले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. डॉक्टरकडे जायचं तर ताईंना सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर कळलं असतं की मला येत नाही. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला मी रिक्षानं दतिया गेटला गेले. तिथे पेंड-भुशाचं दुकान आहे, गुरांची औषधंही ठेवतात. दुकानदार पोत्यावर बसून सरकी चाळत होता. मी म्हणाले, किलनी मारायचं औषध द्या. गोचिडाला इकडे किलनी म्हणतात. गोचीड मरतात तर पिसवा का नाही मरणार, असा माझा हिशोब.

"कितनी बकरियां हैं?" त्यानं विचारलं.

दुकानात आणखी दोघं शेतकरी उभे होते. मांजरासाठी हवंय म्हटलं तर हसले असते. मी म्हणाले, "दो."

"दूध देती हैं?"

"हां."

"तो तीन दिन दूध मत लेना. और मुंह बांध देना बहनजी, चाटें ना."

"पता है भैया. हमारे घर में यही काम था."

आणि खरंच मला माहीत होतं. वडील औषध लावायचे तेव्हा मीच जनावरं धरायची. बादलीत टोपणानं मोजून औषध ओतायचं, फडक्यानं अंग चोळायचं, आणि त्याआधी तोंडाला सुतळीची मुसकी बांधायची. गाईला लावलं तर वासरू लांबच्या खुंट्याला, ती त्याला चाटते आणि ते तिला चाटतं म्हणून. अंग वाळेपर्यंत मुसकी काढायची नाही, यावरून मी लहानपणी मारही खाल्लाय. हे सगळं मला पाठ होतं. पण आमच्याकडे मांजराला कधी कोणी औषध लावलं नाही. मांजर म्हणजे उंदरांसाठी, त्याच्या पिसवा त्याच्यापाशी. मांजराला मुसकी बांधलेली मी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे मुसकीचा विचार माझ्या डोक्यात शेळीबरोबरच राहिला. आणि मांजर दिवसभर दुसरं करतं काय? बसलं की स्वतःला चाटतंच.

बारा वाजता मोरीत बसून मी तिला चोळलं. औषध पाण्यात घातलं की दुधासारखं पांढरं होतं आणि वास घशात बसतो. या वेळी तिनं ओरबाडलं नाही. मला वाटलं, ओळखलं हिनं, आपल्या भल्याचं आहे म्हणून. फडक्यावर पिसवा मरून पडत होत्या, ते बघून मला इतका आनंद झाला की मी तिच्या डोक्यावर ओठ टेकले. मग ती दिवाणाखाली जाऊन बसली आणि पाठ, पोट, पंजे चाटायला लागली. मी ते पाहिलं. पाहून भाजी चिरायला गेले.

अडीचला मुलगी शाळेतून आली. दप्तर टाकून दिवाणाखाली वाकली.

"मावशी! इसके मुंह से पानी आ रहा है!"

मी गेले. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मागचे पाय थरथरत होते, अंगात कोणी दोरी ओढावी तसे.

"ये कांप क्यों रही है?"

"आंघोळ घातली ना, थंडी वाजतेय," मी म्हणाले.

हे पहिलं खोटं. आणि ते खरं करायला मी तिला टॉवेलात घट्ट गुंडाळलं, औषधासकट. त्याऐवजी पुन्हा धुवायला हवं होतं. पुन्हा धुतलं तर मुलगी विचारेल का, म्हणून नाही धुतलं. मुलीनं ताईंना फोन लावला. ताईंनी फोन मला द्यायला सांगितला. "काय झालंय गं तिला?" "काही नाही ताई, कडुनिंबाचं पाणी जरा जास्त झालं वाटतं." हे दुसरं.

ताई चार वाजता बँकेतून निघून आल्या. तोवर मांजर आडवं पडलं होतं आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. आम्ही तिघी चालतच गल्लीच्या तोंडाशी गेलो, पाचशे पावलंही नसतील. डॉक्टर पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी टॉवेल उलगडला.

"क्या हुआ? कुछ खाया है? कुछ लगाया है इसको?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी माझी ओढणी धरून उभी होती.

"कुछ नहीं साहब. नीम का पानी, बस."

त्यांनी नाडी पाहिली, एक इंजेक्शन दिलं. मग वाकून तिच्या पाठीचा वास घेतला, आणि पुन्हा घेतला.

"नीम से ये बास नहीं आती."

तिच्या थरथरत्या पंजांची नखं टेबलावर वाजत होती. त्यांनी ताईंना म्हटलं, बच्ची को बाहर ले जाइए. दार लागलं तेव्हा आवाज न चढवता म्हणाले, "देखिए, मैं पुलिस नहीं हूं. बता दीजिए."

मग मी सांगितलं. औषधाचं नाव, किती टोपणं, किती वाजता. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. साडेचार वाजून गेले होते. त्यांनी धावत नळ सोडला, साबणानं तिला धुतलं, मला तिचं डोकं धरायला लावलं, दुसरं इंजेक्शन, पायात सलाइन. सगळं केलं त्यांनी. मी मनात देवाला म्हणत होते, मला परत पाठव, उद्याच्या गाडीनं पाठव, पण हिला उठव. दिवे लागायच्या वेळी तिचं थरथरणं थांबलं. मला वाटलं उतार पडला. डॉक्टर हात पुसत म्हणाले, "गई."

मग म्हणाले, "आते ही बता देतीं तो..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. ते भले गृहस्थ आहेत. पण ते वाक्य मी रोज स्वतःच पुरं करते. आल्या आल्या सांगितलं असतं तर. मुलगी आली तेव्हाच सांगितलं असतं तर. चाटताना पाहिलं तेव्हा उचलून नळाखाली धरलं असतं तर.

जाताना त्यांनी ताईंना बाजूला घेऊन औषधाचं सांगितलं, आणि आणखी एक. पिसवा मांजरावर असतात त्या थोड्या. बाकीचं सगळं घरात असतं: अंडी, अळ्या, कोश, गादीच्या शिवणीत, दिवाणाच्या खाचेत, फरशीच्या भेगेत. "बिल्ली को निकाल देते तब भी नहीं जाते." रोज कोपरा न् कोपरा झाडा, झाडलेलं पिशवीत बांधून लगेच बाहेर टाका, पांघरुणं गरम पाण्यात धुवा, आणि हे दोन-तीन महिने सोडू नका, कारण कोश उशिरा फुटतात. मांजराच्या मानेवर टाकायचे थेंब वेगळे मिळतात, मांजराचेच. ते त्यांच्या काचेच्या कपाटात समोरच ठेवलेले होते.

शनिवारी सकाळी साहेब ते मांजर एरचला घेऊन गेले. भाड्याच्या घराला माती नाही, पुरायचं कुठे? बुटांच्या मोठ्या खोक्यात घालून नेलं आणि बेतवेच्या काठाला कुठेतरी खड्डा करून ठेवलं. संध्याकाळी आले तेव्हा त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता. मुलीशेजारी बराच वेळ बसून राहिले.

ताई माझ्या मागच्या खोलीत आल्या. मी पिशवी भरूनच ठेवली होती.

"ही कशाला भरलीस?"

"जाते ताई मी."

"कुठे जाशील? वेडी आहेस का? झालं ते झालं. यांना मी इन्फेक्शन म्हणून सांगितलंय. पोरीलाही तेच. तू तोंड उघडू नकोस म्हणजे झालं."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी उठवलं, पिशवीतले कपडे त्यांनीच काढून फळीवर लावले. त्यांनी मला सांभाळलं, आजही सांभाळतात. पण त्या दिवसापासून मला त्यांच्याकडे बघताना मान वर करता येत नाही. त्यांनी माझं झाकलं, आणि झाकलेलं आमच्या दोघींमध्ये राहिलं.

मांजर गेल्यावर पिसवा आमच्यावर आल्या. त्यांना रक्त हवं असतं, ते कुणाचं याला महत्त्व नाही. माझ्या पोटऱ्या, ताईंची कंबर, साहेबांचे घोटे. मुलीचे पाय तर बघवत नव्हते. मी दिवसातून दोनदा झाडत होते, गुडघ्यांवर बसून दिवाणाच्या खाचेतून विणायची सुई फिरवत होते. भुरे केस निघायचे. ते पिसवांच्या कचऱ्याबरोबर पिशवीत बांधायचे आणि गल्लीतल्या डब्यात टाकायचे. दसरा गेला, दिवाळी गेली, तेव्हा कुठे पांढऱ्या चादरीवर काही उडायचं थांबलं.

दिवाळीच्या सुट्टीतली एक दुपार. मी मुलीच्या पलंगाखाली झाडत होते, ती वर पालथी पडून चित्र काढत होती. वरूनच म्हणाली, "मावशी, वो मेरी वजह से मर गई ना?"

मी झाडू थांबवला. "असं कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मीच तुला बोलले ना, कीड़े निकाल दे. नहीं बोलती तो पापा एरच में छोड़ देते. तिथं ती जिवंत राहिली असती. मछली खाती."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. नीम मैंने ही तोड़ के दिया था."

नीम. मी कडुनिंबाचं नाव घेतलं होतं, आणि पाल्याच्या त्या डहाळ्या कोपऱ्यावरच्या झाडाच्या तिनंच ओरबाडून आणल्या होत्या. दोन महिने ती हे घेऊन झोपत होती, आणि मला वाटत होतं ती पिसवांमुळे तळमळते.

पलंगाखालून बाहेर यायलाही मला वेळ लागला. ताईंनी तोंड उघडू नकोस म्हटलं होतं. ताईंचं ऐकलं नाही तर मला कुठे जागा नाही, हे मला पाठ होतं. मी तिच्यासमोर फरशीवर बसले आणि सांगितलं. दतिया गेटचं दुकान, दोन बकऱ्या, मोरी, दिवाणाखाली ती चाटत होती आणि मी बघितलं, ते. थंडी वाजतेय म्हणाले ते खोटं होतं, हे. डॉक्टरांना पहिल्यांदा विचारलं तेव्हा खरं बोलले नाही, हेही. नुसतं औषधाचं सांगून हे गाळलं असतं तर चाललं असतं. पण मग तिनं मला लगेच माफ केलं असतं.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. रडली नाही.

"आईला माहीत आहे?"

"हो."

"पापाला?"

"नाही."

तिनं बराच वेळ चित्राच्या कागदाचा कोपरा दुमडला, उलगडला. "मैं नहीं बताऊंगी," म्हणाली. "आईला पण नाही सांगणार, तू मला सांगितलंस ते."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो अंगाखाली घेतला.

सुट्टी संपली आणि सोमवारी शाळा सुरू झाली. रोज सकाळी तिच्या दोन वेण्या मीच घालायची. त्या दिवशी ती आरशापुढे एकटीच उभी होती. भांग वाकडा, एक वेणी वर, एक खाली. ताई म्हणाल्या, "अगं मावशीकडून घालून घे की!" ती म्हणाली, "मला येतं." आता ती अकरा वर्षांची आहे, माझ्याशी बोलते, जेवण वाढायला सांगते, परीक्षेला जाताना पाया पडते. वेण्या आपल्या आपण घालते. आता त्या बऱ्या येतात.